बरोबरीत सुटलेला डाव

मराठीत काही क्रियापदे अशी आहेत, की त्यांच्याकडे जरा निवांतपणे पाहिले म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या शहाणपणाचे नवल वाटू लागते. 'सुटणे' हे त्यांपैकीच एक. गाठ सुटते, कोडे सुटते, वारा सुटतो, कैदी सुटतो. आणि आम्हां मास्तरांच्या व मुलांच्या सारख्याच आवडीची गोष्ट म्हणजे शाळा सुटते. बुद्धिबळाचा डावही सुटतो. पण केव्हा? एकाने दुसऱ्यावर मात केली, तर डाव सुटला असे कुणी म्हणत नाही. तो कुणीतरी जिंकलेला असतो आणि कुणीतरी हरलेला असतो. दोघांनाही एकमेकांवर मात करता आली नाही, म्हणजे मात्र आपण म्हणतो, "डाव बरोबरीत सुटला." जणू इतका वेळ दोघे एकमेकांत अडकले होते, आणि आता दोघांचीही सुटका झाली!

शब्द एवढा गोड असला, तरी बरोबरी ही गोष्ट कुणाला फारशी आवडत नाही. स्पर्धेला गेलेला मुलगा घरी आला, की बाप पहिला प्रश्न विचारतो, "जिंकलास का?" मुलगा म्हणतो, "नाही." "मग हरलास?" "नाही." अशा वेळी बापाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो हरलेल्या मुलाच्या बापापेक्षाही केविलवाणा असतो. पराभवाबद्दल रागावता तरी येते. बरोबरीचे काय करायचे, हेच त्याला कळत नाही.

एके काळी स्पर्धा भरवणाऱ्यांनाही ते कळत नव्हते. १८६२ साली लंडनला मोठी स्पर्धा झाली, तेव्हा बरोबरीत सुटलेला डाव हिशेबात धरीतच नसत. तो पुन्हा खेळायला लावीत. पुढे १८६७ साली स्कॉटलंडमधील डंडी गावी झालेल्या स्पर्धेत अशा डावाबद्दल दोघांनाही अर्धा अर्धा गुण देण्याची चाल पडली. हा अर्धा गुण ज्या कुणाला सुचला, तो माझ्यासारखा उत्तरपत्रिका तपासणारा गरीब मास्तर असावा, असा मला दाट संशय आहे. अर्ध्या गुणाचे मोल आमच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक? एखाद्या पोराचे वर्ष त्या अर्ध्या गुणावर तरून गेलेले मी पाहिले आहे.

हे सारे विचार माझ्या मनात आले, ते २०२५ सालच्या जुलै महिन्यातील एका डावामुळे. काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया देशात बाटुमी नावाचे शहर आहे. तिथे महिलांच्या विश्वचषक स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती, आणि पटाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच मुली बसल्या होत्या. एकीकडे आंध्रची कोनेरू हंपी आणि दुसरीकडे आपली नागपूरची दिव्या देशमुख. हंपी अडतीस वर्षांची, दिव्या एकोणीस वर्षांची. हंपी २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्या जन्मालाही आली नव्हती. दिव्याला या स्पर्धेत पंधरावे मानांकन होते. झू जिनेर, आपली हरिका आणि टॅन झोंगयी अशा एकापेक्षा एक खंबीर खेळाडूंना मागे टाकून ती इथवर आली होती.

अंतिम फेरीचा पहिला डाव २६ जुलैला, शनिवारी होता. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी आलो, तो बाहेर पनवेलचा पाऊस धो धो कोसळत होता. संध्याकाळी आमच्या इमारतीतली सातवीतली एक मुलगी हातात पट घेऊन माझ्याकडे आली. ती माझी विद्यार्थिनी. बुद्धिबळाचे तिला विलक्षण वेड. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरून काठी टेकीत माझे काका आले. आम्ही सगळे त्यांना 'तात्या' म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी अधू. पण बुद्धिबळाचा शब्द कानावर पडला, की या गृहस्थांना जिने दिसत नाहीत. मी मोबाइल फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला, मुलीने शेजारी आपला पट मांडला, आणि आमची ही तीन पिढ्यांची सभा सुरू झाली.

पांढरी मोहरी दिव्याकडे होती. तिने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि पाठोपाठ आपल्या उंटापुढचे प्यादे हंपीच्या प्याद्यासमोर तिरके आणून ठेवले. जणू म्हणाली, "घे हे, फुकट आहे!" हंपीने ते घेतले.

"घेतलं?" तात्यांनी मान पुढे काढून विचारले.

"घेतलं," मुलगी म्हणाली.

"आता धरून नाही ना बसली?"

"नाही हो आजोबा. ती कशी बसेल?"

तात्या खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या या एका प्रश्नामागे आमच्या घराण्याची अकरा वर्षे होती. ती त्या मुलीला ठाऊक नव्हती. वाचकांनाही ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून आधी या चालीबद्दल चार शब्द सांगतो.

या चालीला 'क्वीन्स गॅम्बिट' म्हणतात, आणि काळ्याने प्यादे मारले, की तो 'स्वीकारलेला गॅम्बिट' होतो. गॅम्बिट हा शब्द मूळचा इटलीतल्या कुस्तीच्या आखाड्यातला. प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घालून त्याला पाडण्याचा जो डाव, म्हणजे आपली टांग, तिचे हे नाव. स्पेनच्या रुय लोपेझ नावाच्या पाद्र्याने १५६१ साली आपल्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. चाल त्याहूनही जुनी. पोर्तुगालच्या डॅमियानो नावाच्या एका औषधविक्याने १५१२ साली रोममध्ये बुद्धिबळावर पुस्तक छापले, त्यातही ती आहे. १५१२! म्हणजे पोर्तुगीजांनी गोवे घेतले, त्याला उणीपुरी दोन वर्षे झाली होती. त्या काळी आपल्याकडे प्यादे एका वेळी एकच घर चाले, किल्लेकोटाची चाल नव्हती, आणि प्रतिपक्षाची सारी मोहरी मारली गेली की आमच्या आजोबांच्या भाषेत डाव 'बुर्जी' होई, म्हणजे बरोबरीत जाई. आपले शास्त्रीपंडितही या खेळात मागे नव्हते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली आपल्या मुंबईतच छापले गेले; आणि त्यात विलायती पद्धतीच्या खेळाचा विचार केलेला आहे.

त्या औषधविक्याने पाचशे वर्षांपूर्वी एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. फुकट आलेले प्यादे घ्यायला हरकत नाही, पण ते राखत बसू नये. राखायला गेले, की काय होते पाहा. पांढरा राजापुढचे प्यादे एक घर सरकवतो. लगेच त्याच्या उंटाची नजर आपल्या प्याद्यावर पडते. आपण त्याच्या आधाराला घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे आणतो. पांढरा हत्तीपुढचे प्यादे आणून त्या आधारालाच धक्का देतो. आपण आधाराला आणखी एक आधार लावतो. मग प्याद्याने प्यादे मारले जाते, आपणही मारतो, आणि पाहतो तो पांढरा वजीर शांतपणे बाहेर येऊन उभा राहिलेला असतो, आणि त्याच्या तिरक्या रेषेत पार कोपऱ्यात आपला हत्ती उघडा पडलेला असतो! मध्ये कुणीच नसते. मध्ये जी प्यादी होती, ती सगळी त्या एका फुकटच्या प्याद्याच्या राखणीला गेलेली असतात. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट तरी द्यावाच लागतो.

म्हणून जाणता खेळाडू प्यादे घेतो आणि सोडून देतो. "तुझे तू परत घे बाबा," असे म्हणून तेवढ्या अवधीत तो आपला राजा सुरक्षित करतो, उंटाघोड्यांना वाटा मोकळ्या करतो, आणि उंटापुढचे प्यादे रेटून पांढऱ्याच्या मधल्या ठाण्याला आव्हान देतो. घेतलेले परत करणे हाच या बचावाचा गाभा. हंपीने तेच केले.

आता आमच्या घरची गोष्ट.

जुन्या पनवेलात आमचा वाडा होता. तळ्यांचे आणि वाड्यांचे हे गाव. वडाळे तळे, कृष्णाळे तळे, विश्राळे तळे ही नावे पनवेलकरांना तोंडपाठ. इथली नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिची महापालिका झाली. आमच्या वाड्याला पुढे ओटी, वर माडी आणि मागे परसू होते, आणि परसात एक गोड्या पाण्याची विहीर. आजोबांनी जाताना मृत्युपत्रात परसू आणि विहीर माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावे केली होती. कारण आजोबांचे कर्ज अण्णांनी फेडले होते. पण धाकट्या तात्यांनी त्याआधीच परसात पत्र्याची शेड घालून पिठाची गिरणी टाकली होती. पोट तिच्यावर चाले. ते म्हणाले, "मी हलणार नाही." अण्णा म्हणाले, "कागद माझ्या बाजूने आहे." तात्यांनी विहिरीच्या वाटेवर भिंत घातली, अण्णांनी दावा लावला. साल १९९५.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. आमच्या घरात दोघेही शहाणे होते आणि दोघेही चढले. तारखा पडत राहिल्या. दोन्ही घरांत बोलणे बंद झाले. आई आणि काकू एकाच नळावर पाठीला पाठ लावून भांडी भरीत. आम्हां चुलत भावंडांना एकमेकांचे फटाके उडवायची बंदी झाली. एकच व्यवहार मात्र चालू राहिला. रविवारी संध्याकाळी चार वाजले, की तात्या पट घेऊन ओटीवर येत, आणि अण्णा धोतराचा सोगा सावरीत समोर बसत. का, ते कुणी विचारले नाही. आजोबांनी दोघांना एकाच पटावर खेळ शिकवला होता. तो पट मृत्युपत्रात कुणाच्याच नावे नव्हता, एवढेच. दोन तास दोघे खेळत. तोंडातून शब्द फक्त दोनच, "शह" आणि "मात". डाव संपला, की तात्या पट गुंडाळून घेऊन जात आणि सोमवारी दोघे वकिलांकडे जात.

अण्णांची पांढरी मोहरी असली, की ते ठरलेला गॅम्बिट टाकीत. तात्या ते प्यादे हटकून मारीत, आणि मारले की राखायला बसत. वजीर बाहेर येई, कोपऱ्यातला हत्ती उघडा पडे. दहा वर्षे हा एकच खेळ मी पाहिला. तात्यांना कळत नव्हते असे नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. एकदा हातात आलेले सोडायचे म्हणजे काय, हे त्यांच्या स्वभावालाच मान्य नव्हते. आणि अण्णांच्याही चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसे, ते नुसते डाव जिंकल्याचे नव्हते, हे मला मोठा झाल्यावर कळले.

मग २००५ सालची २६ जुलै उजाडली. ही तारीख कोकणात आणि मुंबईत कुणाला विसरता येणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याच रायगड जिल्ह्यात महाडकडे जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली. पनवेलात आमच्या परसात दुपारी गुडघाभर पाणी होते. दिवेलागणीला ते कमरेला लागले. तात्या बाहेर कुठे अडकून पडले होते. गिरणीत त्यांचा मुलगा एकटा गव्हाची पोती उचलीत होता. मी माडीच्या खिडकीतून पाहत होतो. अण्णा काही न बोलता जिना उतरले, भिंतीला वळसा घालून पाण्यात शिरले, आणि त्या पोराबरोबर गिरणीची मोटर खोलून, दोरीने बांधून वर ओढू लागले. ज्या शेडीविरुद्ध दावा लावला होता, त्याच शेडीतली मोटर! मीही धावलो. आई जिन्यात उभी राहून नुसती पाहत होती.

रात्री तात्या भिजून काकडून आले. खाली चूल नव्हती. दोन्ही घरे आमच्या माडीवर जमली. वीज गेलेली. काकूने आणि आईने मिळून एका स्टोव्हवर खिचडी केली, तीही न बोलता. कुणाला झोप येणार नव्हती. तात्यांनी कोरडा राहिलेला पट काढला आणि मेणबत्तीच्या उजेडात मांडला. वार मंगळवार होता, तरी अण्णा समोर बसले.

अण्णांनी गॅम्बिट टाकला. तात्यांनी प्यादे मारले. मग अण्णांनी नेहमीची खेळी केली, आणि आम्ही सगळे तात्यांचा हात त्या ठरलेल्या प्याद्याकडे जाण्याची वाट पाहू लागलो. तो गेला नाही. तात्यांनी घोडा बाहेर काढला. अण्णांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले. मला आठवते, त्या दहा वर्षांत डावाच्या मध्ये त्यांनी तात्यांच्या तोंडाकडे पाहिलेले मी प्रथमच पाहिले. मग अण्णांच्या उंटाने ते प्यादे परत घेतले, आणि डाव सुरू झाला. खरे तर त्या दोघांचा खरा डाव त्या रात्री पहिल्यांदाच सुरू झाला.

मध्यरात्र उलटून गेली. मोहरी मारामारीत गेली. शेवटी अण्णांकडे एक हत्ती, तात्यांकडे एक हत्ती, आणि काही प्यादी राहिली. मी काही मोठा खेळाडू नव्हे. पण मला एक जागा स्पष्ट दिसली. अण्णांनी हत्ती पुढे नेऊन तात्यांच्या राजाला कडेला अडवला असता, तर त्यांचे एक प्यादे मोकळे पळत सुटले असते. अण्णांचा हात हत्तीवर गेला. तिथे तो बराच वेळ राहिला. मग त्यांनी हत्ती त्या घरी न नेता तात्यांच्या हत्तीसमोर मारामारीला ठेवला. हत्तीने हत्ती गेले. दोन राजे आणि समोरासमोर अडलेली प्यादी एवढेच पटावर उरले. कुणालाच पुढे सरकता येईना.

"सुटला," तात्या म्हणाले.

"सुटला," अण्णा म्हणाले.

मी पुढे कितीदा तरी अण्णांना विचारले, "ती हत्तीची खेळी तुम्हांला दिसली होती ना?" प्रत्येक वेळी ते म्हणत, "मेणबत्तीच्या उजेडात मला काय दिसणार?" त्यांचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते.

यावरून बुद्धिबळाने भाऊ एकत्र आणले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हटले तर गोष्ट छान होईल, पण ती खरी होणार नाही. गिरणी चिखलाने भरली होती आणि तात्यांच्या अंगात ती पुन्हा भांडून उभी करण्याची रग उरली नव्हती. अण्णा साठी ओलांडून गेले होते. दोघेही दमले होते, हेच बरेचसे खरे कारण. वर्षभराने, २००६ साली, अण्णांनी तडजोडीचा अर्ज दिला. परसू निम्मे निम्मे, विहीर दोघांची. वकील चिडून म्हणाले, "अहो, दावा आपल्या खिशात आहे. दोन तारखांत निकाल लागेल." अण्णा म्हणाले, "म्हणूनच आता."

त्या दोन शब्दांचा अर्थ मला लागायला बरीच वर्षे लागली. हरत आलेला माणूस तडजोड मागतो, तेव्हा ती याचना असते. जिंकत आलेला माणूसच बरोबरी देऊ शकतो.

पण या बरोबरीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. ती बाजू आईची. वकिलाची फी भागवण्यासाठी तिच्या सोन्याच्या पाटल्या विकल्या गेल्या होत्या. अकरा वर्षे तिने काटकसरीने संसार केला, तो एक दिवस निकाल लागेल या आशेवर. ती म्हणाली, "मग पहिल्याच वर्षी का नाही दिलंत अर्धं? माझ्या पाटल्या तरी राहिल्या असत्या!" अण्णांकडे याला उत्तर नव्हते, माझ्याकडेही नाही. पटावर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा गुण मिळतो आणि हिशेब पुरा होतो. घरात मात्र डाव दोघे खेळतात आणि त्याचा खर्च पटावर न बसलेले तिसरेच माणूस करीत असते. तुटेपर्यंत ताणू नये, हे सगळेच सांगतात; पण न तुटता जे नुसते ताणले गेले, त्याची भरपाई कुणी करून देत नाही.

बाटुमीच्या डावात चौदाव्या खेळीच्या सुमारास आमच्या तांब्यापाशी मोठा गलका झाला. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. यंत्र क्षणोक्षणी हिशेब करून कोण किती वरचढ आहे, ते तीत दाखवते. ती पट्टी पांढरी पांढरी होत एकदम वर चढली. मुलगी टाळ्या पिटू लागली. "दिव्या जिंकतेय! सर, तिला फक्त ती खेळी दिसली पाहिजे!" दिव्याला ती दिसली नाही. तिने दुसरेच मोहरे हलवले. पट्टी सरकन खाली आली. हंपीने आपले सारे कौशल्य पणाला लावून डाव सावरला. एक्केचाळीस खेळ्यांनंतर तो बरोबरीत सुटला.

मुलीचे डोळे भरून आले. "जिंकलेला डाव घालवला तिने," ती म्हणाली. "आता उद्या काय होणार?"

तात्या काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळ, ती पट्टी तुला दिसत होती. तिला दिसत नव्हती."

मला वाटते, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने याहून शहाणी गोष्ट क्वचितच सांगितली असेल. आपण सारे दुसऱ्याचा डाव पट्टी पाहत पाहत बघतो. कुणी काय करायला हवे होते, ते आपल्याला लख्ख कळते. खेळणाऱ्याच्या पुढे मात्र चौसष्ट घरे, टिकटिकणारे घड्याळ आणि समोरच्याचा न बोलणारा चेहरा एवढेच असते. आईने अण्णांना जे विचारले, "पहिल्याच वर्षी का नाही?" तेही पट्टी पाहून विचारलेले होते, असे मला त्या दिवशी वाटले, आणि तरीही तो प्रश्न खोटा आहे, असे मी म्हणणार नाही.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊकच आहे. रविवारचा दुसरा डावही बरोबरीत सुटला. सोमवारी, २८ जुलैला, जलद डाव झाले. त्यांतला पहिला पुन्हा बरोबरीत! दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली, विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, आणि त्याच क्षणी देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टरही झाली. आमच्या महाराष्ट्रात या खेळाची परंपरा काही आजची नव्हे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे घरात आणली. सांगलीच्या भाग्यश्री साठ्यांनी तीच ज्योत पुढे नेली. पण त्या सोमवारी आमच्या इमारतीतली ती मुलगी जिन्यातून ओरडत आली, तेव्हा ही सारी परंपरा तिच्या दोन वेण्यांत नाचत होती, असा मला भास झाला.

सगळे त्या चौथ्या डावाबद्दलच बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र अजून पहिला डाव आठवतो. हातचा विजय निसटला, तरी ती पोर त्याच पटावर आणखी पंचवीस-सव्वीस खेळ्या डोके शांत ठेवून बसली. तिने अर्धा गुण घरी आणला. ते अर्धे तीन वेळा साठले नसते, तर चौथ्या डावाचा तो एक पुरा गुण कुठे येऊन टेकला असता? विजय दिसायला एकटा दिसतो. त्याच्या खाली अशा कितीतरी बरोबऱ्यांची जोती असतात.

आता आमचा वाडा नाही. त्या जागी चार मजली इमारत उभी आहे. अण्णा जाऊनही बरीच वर्षे झाली. बिल्डर विहीर बुजवा म्हणत होता. त्याला तात्यांनी आणि आईने, दोघांनी मिळून, नाही म्हणून सांगितले. त्या दोघांचे एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि पाणी बागेला जाते. दर दिवाळीला आई संध्याकाळी पणत्यांचे ताट घेऊन खाली उतरते. पूर्वी ती कठड्याच्या आपल्या अर्ध्या भागावरच पणत्या लावी, आणि उरलेला अर्धा भाग काकू लावी. गेली काही वर्षे काकूचे गुडघे चालत नाहीत. तेव्हापासून सगळा कठडा आईच उजळते.

एकदा मी धीर करून तिला विचारले, "अण्णांनी तडजोड केली, ते बरं केलं की नाही?"

ती वातीला तेल लावीत होती. म्हणाली, "पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या काही मी विसरायची नाही." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण भाऊबीजेला घर भरलेलं असतं, हेही खोटं नाही."

माझ्या हिशेबाने हा अर्धा गुण झाला. आणि आईचा स्वभाव मला ठाऊक असल्यामुळे सांगतो, तिने कुणाला पुरा गुण दिलेला मी आजवर पाहिलेला नाही.